रिकामा खिळा

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या घरातून दोन गोष्टी उन्हात येतात. पडवीतले विळे आणि कपाटातला निळा ब्लेझर. विळ्यांना धार लावायची असते, ब्लेझरचा डांबरगोळ्यांचा वास घालवायचा असतो. सुमन, माझी बायको, दोन्हींकडे एकाच नजरेनं बघते आणि म्हणते, "आला तुमचा सीझन. आता महिनाभर घरात कुणावर विश्वास ठेवायचा नाय."

ती चेष्टा करते, पण खोटं बोलत नाही. आमचं गाव मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे. ऑक्टोबरात सकाळी घाटातून उतरलेलं धुकं नऊ वाजेपर्यंत बांधावर रेंगाळतं, मग एकदम ऊन तापतं आणि पिकलेल्या भाताचा तो कोमट, धुळकट, किंचित गोड वास अंगणापर्यंत येतो. लोकांना या वासानं आनंद होतो. वर्षाची मेहनत घरात येणार असते, व्हायलाच हवा. मला मात्र तो वास आला की मी उठून भिंतीवरचे विळे मोजतो. बारा. मग पुन्हा एकदा मोजतो.

मी संशयी माणूस आहे. स्वभावानं नव्हतो, नोकरीनं झालो. हवाई दलात होतो म्हटलं की गावातले लोक अजून विचारतात, "किती इमानं पाडलीत?" मी कुठलं विमान पाडणार, मी विमानाच्या पोटाखाली उताणा पडून पाना फिरवणारा माणूस. आमच्या धंद्यात पहिला धडा एकच, कुणाच्या शब्दावर जायचं नाही. नट आवळला असं कोणी म्हटलं तर आपण जाऊन बघायचं. आपण बघितलं तरी दुसऱ्यानं येऊन बघायचं, आणि मग दोघांनी सही करायची. रोज सकाळी धावपट्टीवर आम्ही आडवी रांग करून, माना खाली घालून चालत जायचो आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलून खिशात टाकायचो. एवढासा खडा इंजिनानं ओढून घेतला तर वर माणूस बसलेला असतो. त्यामुळे अजूनही मुरबाडच्या बाजारात मी खाली बघत चालतो. घरी आल्यावर खिशातून दोन-तीन नटबोल्ट निघतात आणि सुमन ते गुपचूप डब्यात टाकते. असे चार डबे झालेत.

गॅस बंद केला का हे मी तीनदा बघतो. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या दुकानातच मोजतो. जावयानं गाडीचं चाक बदललं तर तो हात धुवायला गेल्यावर मी जाऊन नट तपासतो, आणि त्यानं ते दोनदा बघितलंय. मुलगी म्हणते, "बाबा, माणसाला अपमान वाटतो." मी म्हणतो, वाटू दे, चाक तर निघणार नाही.

आणि पडवीतली ती भिंत. रिटायर होऊन आलो त्या वर्षीच मी ती रंगवली. पांढरा चुना, त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली काळ्या ऑइलपेंटनं त्या त्या अवजाराची आकृती. बारा विळे, दोन कोयते, एक कुऱ्हाड, एक पहार. अवजार जागेवर असलं की आकृती झाकली जाते. नसलं की भिंतीवर काळा विळा दिसतो. आमच्या हँगरमध्ये पान्यांचा फळा असाच असायचा. लांबून एक नजर टाकली की कळायचं, काय कमी आहे. गावातली माणसं सुरुवातीला खास बघायला यायची. एकानं तर विचारलं, कुठल्या देवाचं आहे.

कापणीच्या दिवसांत सकाळी मी विळे मोजून बायांच्या हातात देतो आणि ऊन उतरल्यावर मोजून परत घेतो. कापलेल्या भाताच्या भाऱ्यात विळा राहिला आणि तो भारा मळणीच्या यंत्रात गेला तर यंत्राजवळ उभ्या माणसाचं काय होईल? पेंढ्यात गेला तर म्हशीच्या तोंडात. हे मी सगळ्यांना समजावून सांगतो. सगळे मान डोलवतात आणि मागे हसतात.

आमचा मेळावाही याच दिवसांत येतो. जिल्ह्याच्या या कोपऱ्यातले आम्ही पंचवीस-तीस माजी वायुसैनिक शहापुरात बाजाराच्या मागच्या एका हॉलमध्ये जमतो. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतचे म्हातारे, सगळ्यांच्या अंगावर डांबरगोळ्यांचा वास. इंजिनांच्या आवाजानं निम्म्यांचे कान गेलेत, म्हणून सगळे ओरडून बोलतात आणि कोणी कुणाचं ऐकत नाही. दरवर्षी गोष्टी त्याच, फक्त थोड्या वाढलेल्या. गेल्या वर्षी ज्या वादळात दोन तंबू उडाले होते त्यात यंदा पाच उडतात. मग निवृत्तिवेतन, मग गुडघे, मग नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. आम्ही जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी पटवून द्यावं लागतं, त्यामुळे संशय म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. फोटोच्या वेळी पुढच्या खुर्च्यांवर हुद्द्यानं मोठे बसतात, बाकीचे मागे उभे राहतात. नोकरी सुटून जमाना झाला, पण कुणी कुठं उभं राहायचं हे अजून सांगावं लागत नाही.

मी पुढे बसतो. वॉरंट ऑफिसर होऊन निघालो. भास्कर मागे उभा राहतो. तो कॉर्पोरल म्हणूनच बाहेर पडला.

भास्कर खर्डीच्या बाजूचा. उत्तरेतल्या एका तळावर आम्ही दोघंच या मुलखातले होतो. शहापूर आणि मुरबाड म्हणजे तिथं एकच गाव. सगळे हिंदी बोलायचे, आम्ही दोघं आमचं नाय-होय बोलायचो. तळाच्या कुंपणापलीकडे भाताची शेतं होती. मोठी, सपाट, आपल्या वाफ्यांसारखी नाहीत. पण ऑक्टोबरात ती पिकली की वास मात्र तोच. ड्यूटी सुटली की आम्ही कुंपणाला टेकून तो वास घेत उभे राहायचो. भास्कर म्हणायचा, "घरी आता खळं सारवत असतील रे." नवी लग्नं झालेली होती, रजा मंजूर नव्हती.

त्या वर्षीच्या हंगामात एक पाना हरवला. बोटाएवढा, खिशात ठेवला तर कळणारही नाही असा. त्या आठवड्यात पान्यांच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. शिफ्ट सुरू होताना मी पेटी मोजून द्यायची, घेणाऱ्यानं मोजून घ्यायची, दोघांनी रजिस्टरवर सही करायची. त्या सकाळी पेटी न्यायला भास्कर आला. माझ्या हातात घरचं पत्र होतं, लवकर येणारं हळवं भात कापून झालं, उशिराचं गरवं अजून उभं आहे, असं वडिलांनी लिहिलेलं. मी ते त्याला वाचून दाखवत होतो. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग शिफ्टची शिट्टी झाली, मी पेटी पुढे सरकवली, सही केली. त्यानंही केली.

दुपारी पेटी परत आली, पाने जागेवर लावले, तेव्हा फळ्यावर एक काळी आकृती उघडी राहिली.

पुढचे तीन दिवस विमानं उभी. एक पाना सापडेपर्यंत एकही विमान उडणार नाही, हा नियम. पोटाखालची झाकणं उघडली, गवत विंचरलं, गटारं उपसली. सगळा तळ आमच्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "गिनके दिया था?" मी टाचा जोडून म्हटलं, "जी सर." दाराबाहेर बाकावर भास्कर बसला होता. त्याला आत नेलं. त्यालाही तसंच काही विचारलं असणार. पाना सापडला नाही. मी मोजून दिला हे माझ्या सहीनं ठरलं, तेव्हा उरला भास्कर. त्याला विमानांवरून काढून स्टोअरला टाकलं. तो पुन्हा कधी विमानाला हात लावू शकला नाही, आणि त्याची बढती तिथंच थांबली.

मी मोजला नव्हता. मी पत्र वाचत होतो. पाना तेव्हा पेटीत होता की नव्हता, मला माहीत नाही. हे मी सुमनलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता भास्करचा प्रेमळपणा ऐका. दरवर्षी मेळाव्याला तो माझ्यासाठी काहीतरी आणतो. कधी वालाच्या शेंगा, कधी गवती चहाची जुडी, कधी घरचे पोहे. बाकी कुणासाठी नाही, फक्त माझ्यासाठी. पिशवी हातात देतो, डोळ्यांत बघतो आणि हसतो. ज्या माणसानं आपलं वाटोळं केलं त्याला कोण वालाच्या शेंगा देतं? घरी जाताना एसटीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसायचो आणि विचार करायचो. याला माहीत आहे. हा वाट बघतोय. एक दिवस सगळ्यांच्या समोर, फोटोच्या वेळी, हा मागून बोलणार. फोटो काढताना माझी मान कायम ताठ असते ती शिस्तीनं नाही.

दरवर्षी तो म्हणायचा, "एकदा तुझ्या घरी येतो." दरवर्षी मी काही ना काही अडचण सांगायचो. यंदाच्या मेळाव्यात, रविवारी, त्यानं सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "या हंगामात मी याच्याकडं चाललो. कापणी बगायला." मी हसलो. दुसरं काय करणार?

सोमवारी सकाळी बाया कापणीला आल्या आणि माझा फोन वाजला. भास्कर. "उद्या पहिल्या गाडीनं येतो." मी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिलो, गाडी लवकर सुटते, वैशाखऱ्याला न जाता अलीकडेच उतर, वगैरे. बोलता बोलता बाया विळे घेऊन शेतात गेल्या.

ऊन उतरलं तेव्हा विळे परत आले आणि भिंतीवर एक काळा विळा उघडा राहिला. अकरा. मी तीनदा मोजले. बायांना ओचे झाडायला लावले. त्यांनी हसत झाडले, त्यांना माझी सवय आहे. बरकी मात्र मागून येत होती, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. बरकी वरच्या वाडीतली, माझ्याच वयाची. माझे वडील होते तेव्हापासून आमच्या शेतात येते. तिचा भारा मोठा होता आणि माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. मी म्हटलं, "बरके, भारा सोड."

बरकीनं भारा खाली ठेवला, दोरी सोडली, गवत पसरून दाखवलं. त्यात विळा नव्हता. तिनं गवत गोळा केलं, दोरी बांधली, भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली. सुमन दारात उभी होती. ती म्हणाली, "हे बरं नाय केलंत." मी म्हटलं, बारातला एक गेलाय, तो काय उडून गेला? मंगळवारी बरकी कामाला आली नाही.

भास्कर आला तो वालाच्या शेंगा घेऊनच. चहा प्यायला आणि पडवीत गेला. भिंत बघून आधी तो पोट धरून हसला. मग जवळ गेला, एकेका आकृतीवरून बोट फिरवलं आणि त्या रिकाम्या खिळ्यापाशी येऊन थांबला. हसणं तिथंच संपलं.

"यक कमी हाय," तो म्हणाला.

मी त्याला सोमवारची सगळी हकीकत सांगितली. बरकीचं नाव घेऊन सांगितली, ती आज आली नाही हेही सांगितलं, म्हणजे बघ काय ते, अशा सुरात. भास्करनं माझ्याकडे न बघता, स्टोअरच्या माणसाला असते त्या सवयीनं विचारलं, "गिनके दिया था?"

"जी सर," मी म्हणालो.

माझ्या तोंडातून ते आपोआप निघालं. पासष्टी उलटलेला माणूस, स्वतःच्या पडवीत, टाचा जोडून उभा. वॉरंट ऑफिसरनं कॉर्पोरलला सर म्हटलं म्हणून असेल, भास्करनं वळून बघितलं. मी ओट्यावर बसलो. म्हटलं, "नाही मोजले. तुझ्याशी फोनवर बोलत होतो. आणि तेव्हाही नव्हता मोजला भास्कर. पत्र वाचत होतो."

अंगणात सुमन शेंगा निवडत बसली होती, तिचे हात थांबले.

मग तो म्हणाला, "मी तरी कुठं मोजला होता? तू गाववाला. तुज्याकडची पेटी काय मोजायची?"

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मला वाटायचं, तुला म्हाईत हाय मी न मोजता सही केली ते. तू तेवढं बोलला असतास तर मला स्टोअरला नाय, घरीच धाडला असता. दरवर्षी बगायचो, यंदा हा बोलतो का काय. शेंगा उगाच नव्हतो आणत."

इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे. अख्ख्या नोकरीत आम्ही दोघांनी एकदाच कुणावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, तो त्या सकाळी एकमेकांवर. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

"सोड आता," असं तो म्हणेल याची मी वाट बघत होतो. त्यानं ते म्हटलं नाही. जेवायला बसला, भाकरी मोडली आणि शांतपणे म्हणाला, "बारा वर्षं घोंगड्या मोजल्या रे मी. यक कमी नाय पडली." मग थोड्या वेळानं, "तू निदान विमानं बगितलीस." सुमननं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. परतीच्या गाडीला बसवायला गेलो तेव्हा त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढच्या वर्षी येतो की नाही ते बोलला नाही. गाडी मुरबाडकडे वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो.

सकाळी मी वाडीकडे निघालो. धुकं होतं, दवानं चपला भिजल्या. ओढ्यापलीकडच्या शेतात सात-आठ बायांची रांग कापणीला लागली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी वाफ्यात. बरकी मधोमध होती. मी तिला बाजूला बोलावणार होतो. मग वाटलं, भारा सगळ्यांसमोर सोडायला लावला होता. मी बांधावरूनच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बरके, परवा मी इळे मोजून दिलेच नव्हते. माझी चूक."

हे वाक्य मला माझ्या पंचविशीत, एका टेबलासमोर उभं राहून बोलायचं होतं. तिथं नाही बोललो, इथं बोललो.

बरकीचा हात थांबला नाही. पुढची मूठ धरली, कापली, मागे ठेवली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी फोनवर होतात. आमी आपल्या हातानंच काढून घेतले. तवाच यक खिला रिकामा होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

बरकी कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"तुमी इचारलं कुठं दादा," ती म्हणाली. "तुमी भारा सोड म्हनलात."